वाकड्या काठाचं तळं

लग्न होऊन मी नागपूरहून बंगळूरला आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. सहा महिने झाले नाहीत तोच माझा नवरा कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेला गेला. चामराजपेटेतल्या त्या लांबट घरात उरलो आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणू लागले. सासूबाई माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधीच गेल्या होत्या. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलेलं.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. "स्वल्प थांब", "सरी, ठेव तिकडे", "मला बेडा ते" असं चालायचं. सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको. माझं नागपुरी ऐकून त्यांनाही हसू यायचं, पण ते मिशीतल्या मिशीत. एकूण आमचं बोलणं दिवसाला दहा-बारा वाक्यांच्या पुढे जात नसे, आणि त्यातली चार कॉफीबद्दल असत.

ते एका यंत्रांच्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. लोखंडाच्या तुकड्यावर बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचे म्हणे. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात काही थांबला नाही. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आपली हत्यारांची हिरवी पेटी घरी आणली, कोठीच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. त्यानंतर ती वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला उघडायची. बाकी वेळ ते मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहायचे, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे.

माझी गोष्ट वेगळी नव्हती, फक्त मला कुलूप लावायला पेटी नव्हती. नागपुरात मी कॉलेजात दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. इथे आले आणि कशातच माझं काही उरलं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सासूबाईंनी कानडीत लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या. मला त्या वाचता येत नसत, आणि त्या काढायची छाती होत नसे. मीठ हवं असलं तर चार डबे उघडायचे. अख्ख्या घरात एकच जागा अशी होती जिथे कशावर चिठ्ठी नव्हती. ती म्हणजे मागचं परस. एक नारळ, एक कपडे धुण्याचा दगड, दोन तारा आणि मोकळी माती. मी दुपारी तिथे जाऊन उभी राहायची आणि जिवाला बरं वाटायचं.

नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा कॉफी पिता पिता म्हणाले, "उगादीच्या दुसऱ्या दिवशी गवंडी येणार. परसात दोन रूम काढू. भाड्याने जातील. तुमच्यासाठीच."

उगादी म्हणजे आपला पाडवा. दहा महिने होते हातात. त्या काळी आमच्या गल्लीत मागे खोली न काढलेलं घर शोधून सापडलं नसतं, तेव्हा त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माझ्या डोक्यात सणक गेली.

"पाडव्यापर्यंत परस मला द्या," मी म्हणाले. "तोवर काही चांगलं करून दाखवलं तर रूम नाही. नाही जमलं तर खुशाल बांधा."

"काय करणार?"

"तळं. त्यात मासे. आणि त्याच पाण्यावर भाजी."

"मासे? आपल्या घरात?" अण्णांनी पेला खाली ठेवला. या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा.

"खायला नाही हो. माशांनी पाणी घाण करायचं, त्या घाणीवर भाजी वाढायची, भाजीने पाणी साफ करून माशांना परत द्यायचं. आपण भाजी खायची."

त्यांनी परसाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सरी." त्या 'सरी'त होकार किती आणि सुटका किती, ते मला कळलं नाही.

ही कल्पना माझी नव्हती. कॉलेजातल्या एका वयस्क बाईंनी निरोप देताना मला एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स दिली होती. मी ती बॅगेत लग्नाच्या शालूखाली घालून आणलेली. झेरॉक्स इतकी काळी होती की आकृत्यांच्या जागी नुसते डाग दिसत. तरी मुद्दा समजत होता.

एक मजूर दोन दिवस लावून मी दोन खड्डे खणून घेतले. मोठं तळं माशांचं, सहा फूट बाय चार, मांडीपर्यंत खोल. त्याच्या शेजारी, जरा खालच्या अंगाला छोटं तळं. मोठ्यातलं जास्तीचं पाणी छोट्यात उतरायचं, गाळ तिथे बसायचा आणि तिथूनच पंपाने पाणी वर चढायचं. वर काय, तर निळी प्लॅस्टिकची पिंपं आडवी अर्धी कापून विटांच्या कठड्यावर ठेवलेली. त्यांत खडी भरलेली, जिला इथे जल्ली म्हणतात, आणि खडीत रोपं. पिंपातून पाणी गाळलं जाऊन पुन्हा मोठ्या तळ्यात पडणार.

विटांचं काम होऊन सिमेंट वाळलं तशी मी दुसऱ्याच दिवशी मासे आणायला निघाले. पायरीवरून आवाज आला.

"अय्यो, कुठे निघाली?"

"मासे आणायला."

"कच्च्या सिमेंटात? चुन्यात मरतील ते. पाणी भर, आठ दिवस ठेव, सोडून दे. तीनदा. केळीच्या खांबाचे तुकडे टाक त्यात."

त्यांचं ते पहिलं मोठं वाक्य. मी निमूट पिशवी ठेवली आणि केळीचा खांब शोधायला मार्केटात गेले.

पंपाची गोष्ट सोपी झाली. बंगळूरच्या हवेला कूलर कशाला लागतोय, तेव्हा इथे कूलरचा पंप मागितला की दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत. नागपुरात मात्र घरोघरी दोन-दोन पडलेले. वडिलांना पत्र टाकलं तर त्यांनी जुन्या गोधडीत गुंडाळून पंप पार्सलने पाठवला. गोधडीच्या घडीत वाळ्याच्या काड्या अडकलेल्या होत्या. मी त्या हुंगल्या आणि पायरीवर बसून रडले. अण्णा तेवढा वेळ उठून आत गेले.

खरी अडचण पुढे होती. पिंपातलं पाणी नुसतं झिरपत राहून चालत नाही. ते काठोकाठ भरायला हवं आणि मग एकदम उतरायला हवं, म्हणजे मुळांना आळीपाळीने पाणी आणि हवा मिळते. तेही आपोआप. लेखात त्यासाठी नळ्यांची एक युक्ती होती, पण झेरॉक्समध्ये नेमका तिथे डाग. आठ दिवस मी नळ्या कापत, चिकटवत, उपटत राहिले. एक तर पाणी सारखं गळायचं, नाही तर पिंप भरून ओसंडायचं. नवव्या दिवशी मी करवतीचं पातं रागाने भिरकावलं. ते नारळाला लागून खाली पडलं.

"कारखान्याच्या मुतारीत हेच होतं," अण्णा पायरीवरून म्हणाले.

"काय?"

"टाकी. कुणी साखळी ओढायची नाही. भरली की आपली आपण वाहायची, रिकामी झाली की थांबायची. मीच बसवलेली."

मी हसू दाबून विचारलं, "कशी बसवली होती, सांगता?"

"मी सांगतो. तू काप."

पिंपाच्या तळातून वर येणारी एक उभी नळी, तिच्यावर टोपीसारखी उपडी घातलेली जाड नळी, तिच्या खालच्या कडेला खाचा. पाणी आतल्या नळीच्या तोंडावर चढलं की टोपीतून ओढ घेतं आणि सगळं खेचून नेतं, खाचांमधून हवा शिरली की थांबतं. सांगायला सोपं. पण माझा काप दरवेळी तिरका यायचा आणि अण्णा दरवेळी "च्च" करायचे. दोन दिवस मी ते 'च्च' सहन केलं. तिसऱ्या दिवशी करवत त्यांच्यासमोर धरली.

"मग तुम्हीच करा ना बाप्पा!"

ते पायरीवरून उठले. मग आत गेले. कोठीच्या खोलीतून कुलूप उघडल्याचा आवाज आला. आयुधपूजा अजून लांब होती. ते आपली करवत घेऊन आले, नळी पायरीला टेकवली, डाव्या अंगठ्याला पातं लावलं आणि कापायला लागले. त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. त्यांचा हात रिकामा असला की जास्त थरथरायचा, कामाला लागला की कमी. काप असा सरळ आला की मी बोट फिरवून बघितलं. पेटीला परत कुलूप लावायचं त्या दिवशी राहून गेलं.

संध्याकाळी पंप सुरू केला. पिंप भरत आलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाणी खडीच्या वर आलं, जरा थबकलं, नळीने घशातून काढावा तसा आवाज काढला आणि भडभड करत सगळं पाणी तळ्यात कोसळलं. मी टाळ्या वाजवल्या. अण्णा तोंडभर हसले. मी त्यांचे दात पहिल्यांदा त्या दिवशी पाहिले.

पुढे पाणी पिकवायचं होतं. माशांच्या घाणीचं खत करणारे जंतू असतात, ते आधी पाण्यात वाढावे लागतात. दुधाला विरजण लावतो तसं मी एका तलावातलं बादलीभर शेवाळी पाणी आणून त्यात ओतलं, थोड्या गोगलगायीही सोडल्या. मग शहराबाहेरच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रातून दोन बस बदलून कार्प माशांची बोटभर पिल्लं आणली. आधी पाच, महिन्याभराने पंचवीस. नळाचं पाणी आदल्या दिवशी पिंपात काढून ठेवायचं आणि औषधाचा वास उडाला की मगच तळ्यात घालायचं, हे काम अण्णांनी मागून घेतलं. पालक आला, पुदिना पसरला. खडीच्या कडेला मी आळूचे कंद खोचले होते, त्यांनी तर हातभर पानं काढली.

अण्णा सकाळी माशांना खायला घालायचे आणि वाकून विचारायचे, "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलात का. बंगळूरात कुणी कुणाला भेटलं की आधी हेच विचारतात. मला आठ महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मला माशांचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

मग आयुधपूजा आली. अण्णांनी पांढऱ्या कापडावर हत्यारं मांडली, करवतीला गंध लावलं, फूल वाहिलं. पंपालाही कुंकू लावायचं होतं, म्हणून मी आधी जाऊन बटण बंद केलं. पूजा झाल्यावर ते माळ्यावर चढले आणि एक मोठं तांब्याचं घंगाळ खाली घेऊन आले. सासूबाईंच्या माहेरहून आलेलं. आंघोळीचं पाणी काढायला त्या ते वापरायच्या. अण्णांनी चिंच-मीठ लावून ते अर्धा दिवस घासलं, इतकं की त्यात तोंड दिसावं. मग परसात नेऊन तळ्याच्या काठावर, बरोबर नळीच्या तोंडाखाली विटांवर बसवलं. पिंपातून कोसळणारं पाणी आता घंगाळात पडायचं आणि त्याच्या काठावरून तळ्यात उतरायचं.

"तिचंपण काही असू दे इथं," ते म्हणाले. "तांब्यातून गेलेलं पाणी शुद्ध."

माझे डोळे भरून आले. मीही तांब्याच्या कळशीतलं पाणी पिऊनच वाढलेली. पाहुण्याला पाणी द्यायचं ते तांब्यातून, देवाला स्नान तांब्याच्या ताम्हनात, पोट बिघडलं तर रात्री तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी. माझ्यातल्या प्राणिशास्त्राच्या बाईने तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नाही. उन्हात ते घंगाळ असं झळकत होतं की शेजारच्या अक्का भिंतीवरून बघून गेल्या.

चौथ्या दिवशी गोगलगायी तळाशी पडलेल्या दिसल्या. मी लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, खाणं तसंच तरंगत राहिलं. सहाव्या दिवशी सकाळी अकरा मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. आम्ही बादल्यांनी पाणी उपसून परत ओतलं, वारा घातला, अर्धं पाणी बदललं. पाणी त्याच घंगाळातून फिरत राहिलं. आठव्या दिवशी एकही उरला नाही.

मी वेड्यासारखी कारण शोधत होते. धुण्याच्या दगडामागे मला ब्लीचिंग पावडरीचा डबा दिसला, उघडा. दगडावरचं शेवाळ काढायला अण्णांनी तो आणला होता. झालं, मला गुन्हेगार सापडला.

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी डबा त्यांच्यासमोर आपटला. "तळ्याशेजारी पावडर? तुमच्या हातातून कुठे काय सांडतं, ते कळतं तरी का तुम्हाला?"

बोलले आणि त्याच क्षणी मला ते शब्द परत गिळावेसे वाटले. अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताखाली घेतला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने कोठीच्या खोलीतून कुलूप लागल्याचा आवाज आला.

मी नारळाखाली मासे पुरले. त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा परसाच्या दारात आले नाहीत. जेवण वाढलं की जेवायचे, ताट स्वतः उचलून ठेवायचे. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ कमी झालं का, एवढंच विचारून परत आले. तिखट स्वभावाच्या माणसाला माफी मागता येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

रोपांसाठी पंप चालू ठेवला होता. एके दिवशी घंगाळात नारळाचा कचरा पडला, तो काढायला मी घंगाळ रिकामं केलं. आत, पाण्याच्या रेषेवर, एक निळसर हिरवा पट्टा होता. मी बोटाने पुसला. बोट निळसर झालं.

हा रंग मी ओळखत होते. आमच्याकडे मामांची संत्र्याची बाग आहे. झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचं पोतेरं करतात, लहानपणी मीच ब्रश घेऊन फिरायची. मोरचूद म्हणजे तांबंच. आणि मोरचुदाने गोगलगायी मरतात, मग मासे, हे तर मी दोन वर्षं फळ्यावर लिहून शिकवलेलं! गोगलगायी आधी मेल्या होत्या. चिंच लावून उजळलेलं तांबं आठ दिवस, चोवीस तास, त्या पाण्यात उतरत होतं. आपल्या पोटाला जे सोसतं ते बोटभर माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही.

मी धुण्याच्या दगडावर बसून राहिले. सांगावं की नाही? सांगितलं तर सासूबाईंच्या घंगाळाने मासे मारले असं होणार. नाही सांगितलं तर त्यांना जन्मभर वाटणार की आपल्या हाताने मारले. आणि ते तसं वाटायला लावणारी मीच.

मी आत गेले. ते खुर्चीत बसले होते.

"अण्णा, पावडर नव्हती. तांबं होतं. घंगाळ." मी निळं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं, मोरचुदापासून गोगलगायींपर्यंत. "मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी शिकलेय हे. चूक माझी आहे आणि मी बोलले तेही चूक."

मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे हात नव्हता?"

"नाही अण्णा. हात नव्हता."

ते उठले, परसात गेले, घंगाळ पुसून कोरडं केलं आणि न्हाणीघरात नेऊन ठेवलं. "आंघोळीचं भांडं आंघोळीलाच बरं," म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण पेटी त्यांनी उघडली नाही.

मी तळं तीनदा रिकामं केलं, खडी धुतली, पुन्हा विरजण लावलं, पुन्हा गोगलगायी सोडल्या. त्या जगल्या तर मासे जगतील, असा हिशेब. त्या जगल्या. महिना गेला, दोन गेले. पण माझ्यातच काहीतरी विझलं होतं. पुन्हा मासे आणायचे, आणि पुन्हा मेले तर? एका रविवारी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी म्हणून गेले, "बांधू दे खोल्या. माझ्याने नाही होत." फोन हॉलमध्ये होता, अण्णा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अण्णा घरात नाहीत. चपला नाहीत, कारखान्याचा जुना निळा कोट खुंटीवर नाही. अक्कांकडे विचारलं, कॉफीच्या दुकानात विचारलं. कुणालाच माहीत नाही. बारा वाजले, एक वाजला. मी फाटकाला लटकून उभी. नाही नाही ते मनात येत होतं. आजवर ते एकटे बसमध्ये चढत नसत, हात दांड्यावर ठरत नाही म्हणून.

दोन वाजून गेल्यावर ते कोपऱ्यावर दिसले. हळूहळू, कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरून. जवळ आले तेव्हा दिसलं, प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी होती. आत पाणी, पाण्यात बोटभर मासे.

"अण्णा! सांगून तरी जायचं होतं ना! दोन बस बदलून?"

"चार. जाताना दोन, येताना दोन." ते पायरीवर टेकले. पिशवी मांडीवर होती आणि त्यांच्या हाताबरोबर सारखी हलत होती. "बसमध्ये एक बाई म्हणाली, अण्णा, पिशवी घट्ट धरा, पाणी हलतंय. मी म्हटलं, हलू दे. पाणी हललं तर त्यांना वारा मिळतो." ते माझ्याकडे बघून हसले. "मोज. एकपण मेला नाही."

मी मोजले नाहीत. मला दिसतच नव्हतं नीट. त्यांनीच पिशवी तळ्यात अलगद सोडली, पाण्याला पाणी ओळखीचं होईस्तोवर तरंगू दिली, मग तोंड उघडलं. मासे एकेक करून बाहेर आले. शेवटचा गेल्यावर त्यांनी मान वळवली.

"ऊटा आय्ता?"

मला वाटलं, माशांना विचारतायत. ते माझ्याकडे बघत होते. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आम्ही दोघांनी तिथेच पायरीवर बसून गार भात आणि सार खाल्लं.

मासे जगले. उरलेल्या हिवाळ्यात आमच्याकडे इतका पालक झाला की अक्का आपणहून भिंतीवरून टोपली पुढे करायच्या. आळूची पातळ भाजी मी केली ती नागपूरच्या पद्धतीने, आणि अण्णांनी दोनदा मागून घेतली. पेटीचं कुलूप परत केव्हा निघालं ते मला कळलंही नाही. खोल्यांचं मात्र ते काही बोलत नव्हते आणि मी विचारत नव्हते. शब्द दिला होता मी. मासे मरून गेले होते, हेही खरं होतं, आणि त्यावर बोट ठेवायचा त्यांना हक्क होता.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे गवंडी आला, सुतळीचं बंडल आणि चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अण्णांनी हाक मारली.

"इकडे ये. दोरीचं टोक धर."

मी गेले. माझ्याच परसात खोलीची आखणी करायला मीच दोरी धरायची, असा राग आला, पण धरली. दुसरं टोक अण्णांनी धरलं. तळ्यापासून हातभर अंतरावर, आठ फूट बाय पाच. गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "इष्टु चिक्क रूमा?" एवढीशी खोली?

"रूम बेडा," अण्णा म्हणाले. "तळं. आणखी एक."

गवंडी बघतच राहिला. मीही. अण्णा माझ्यावर ओरडले, "स्वल्प नीट धर ना! माझ्याकडचं हलतंच, तुझ्याकडचं तरी हलवू नको."

पण माझ्याकडचंही हलत होतं. मी रडत होते आणि हसत होते. गवंड्याने फक्की सोडली ती दोन्हीकडून थरथरणाऱ्या दोरीवर. रेघ बघून तो म्हणाला की सर, वाकडी आलीय, पुसून परत मारतो. केसाएवढ्या फरकासाठी अख्खा तुकडा भंगारात टाकणारा माणूस ती रेघ निरखत उभा राहिला. मग म्हणाला, "असू दे. अशीच खण."

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्या दुसऱ्या तळ्याला चीर पडली तेव्हा एक नवा गवंडी आला होता. चांगला माणूस, हौशी. म्हणाला, मॅडम, ही बाजू जरा वाकडी बांधलीय कुणीतरी, हात लावतोच आहे तर सरळ करून देतो. मी त्याला असं काही झापलं की तो बिचारा कॉफी न घेताच गेला.